तो फोन माझा होता

दुपारी सव्वाचारला अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘हॅलो’ म्हटलं, तर पलीकडे नुसता श्वास. पुन्हा ‘हॅलो’. काहीच नाही. ठेवून दिला. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी मी जरा चिडूनच ठेवला. संध्याकाळी मेसेज आला : ‘मॅडम, तो फोन माझा होता. मी अडखळतो. भेटायचं आहे.’

इतकी वर्षं समुपदेशन करूनही मला तो टवाळखोर वाटला होता. हे आधीच सांगून टाकते.

त्याला आपण कैलास म्हणू. खरं नाव वेगळं आहे, पण त्यातलं पहिलं अक्षर त्याला ‘क’इतकंच अडतं, म्हणून हे घेतलं. वय 27, पाथर्डी तालुक्यातलं गाव, पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत पाचवं वर्ष. कॉट बेसिसवर राहायचं, मेसला जेवायचं, पैसे थोरला भाऊ पाठवणार. राज्यसेवेची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या अधिकारी-भरतीची, पूर्व आणि मुख्य परीक्षा पार करून एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचला होता आणि तिथून रिकाम्या हाताने परतला होता. समोर बसल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, त्याला जवळजवळ मिनिटभर लागलं : “मॅडम, माझ्यात आत्मविश्वासच नाही. मुलाखत नसलेल्याच परीक्षा देऊ का?”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या कपड्यांत येतो. कोणी गाडीच्या लायसन्सच्या चाचणीत नापास झालेलं असतं, कोणाचं पहिलं दुकान बुडालेलं असतं. म्हणणं सगळ्यांचं एकच : आधी आत्मविश्वास येऊ द्या, मग पुन्हा प्रयत्न करतो. जसा काही तो माझ्या कपाटात बरणीत भरून ठेवलाय.

कैलासच्या प्रश्नाला मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. मुलाखत नसलेल्या परीक्षा देण्यात कमीपणा काहीच नाही. राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी ही पदं लेखी परीक्षेवरच भरतात. मला जाणून घ्यायचं होतं की त्याला ती नोकरी हवी आहे, की फक्त ती मुलाखतीची खोली टाळायची आहे.

मग त्याच्या दिवसाबद्दल विचारत गेले. बसमध्ये ‘कोथरूड डेपो’ म्हणता येत नाही, म्हणून तो ‘शेवटचा स्टॉप’ म्हणतो. एकदा बस वेगळ्याच मार्गाची निघाली तरी विचारलं नाही, पाऊण तास चालत आला. मेसमध्ये कांदा हवा असला तरी मागत नाही. हॉटेलात पुढच्याने जे मागवलं, त्यावर ‘सेम’. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ निघायचं नाही, म्हणून वर्गात असूनही कित्येकदा गैरहजेरी लागलेली. समोर येणाऱ्या वाक्यातले अवघड शब्द आधीच हेरून त्यांच्या जागी सोपे शब्द बसवायचे, हे काम तो दिवसभर करत होता. अभ्यासापेक्षा याचाच शीण जास्त असणार.

आणि गावाकडे सप्ताहात भजनाला मात्र एक अक्षर अडत नाही. त्यामुळे आईचं म्हणणं, “देवापुढं नीट बोलतो, मग माणसापुढंच काय होतं ह्याला?” बिचारीला वाटायचं, पोरगं मन लावत नाही.

यात देवाचा किंवा मनाचा प्रश्न नाही. अनेकांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. साधारण शंभरातल्या पाच मुलांना लहानपणी कधीतरी हा त्रास होतो, त्यातल्या बहुतेकांचा तो आपोआप जातो. प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एकाचा उरतो आणि त्यात पुरुषांचं प्रमाण बायकांच्या चौपटीच्या आसपास असतं. मुळाशी आनुवंशिकता असते, मेंदूत बोलण्याची वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेतला फरक असतो. भीतीने ते वाढतं, पण भीतीमुळे सुरू होत नाही. दुसऱ्याची नक्कल केली म्हणून तर मुळीच नाही. मी त्याला एका वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. अडखळण्यावर काम त्यांचं, त्याभोवती साचलेल्या भीतीवर माझं.

दुसऱ्या भेटीत मी त्याचं गुणपत्रक मागितलं.

त्याने ते पाहिलंच नव्हतं! अकरा महिने ते आयोगाच्या संकेतस्थळावर त्याच्या खात्यात पडून होतं. निकालाच्या यादीत नाव नाही एवढं पाहिलं आणि ‘मुलाखतीत गेलं’ असं भावाला, मित्रांना आणि स्वतःला सांगून टाकलं. माझ्यासमोर मोबाईलवर उघडायला लावलं. तेव्हा जुनी पद्धत होती, मुख्य परीक्षा 800 गुणांची, मुलाखत 100 गुणांची. (2025 पासून वर्णनात्मक पद्धत आल्यावर हे गणित बदललं.) मुलाखतीत त्याला 48 गुण होते. फार नव्हेत, पण याच्याहून कमी मिळवून निवडली गेलेली मुलं त्याच्या ओळखीत होती. यादी हुकली होती 7 गुणांनी. सामान्य अध्ययनाच्या तीन पेपरांत साठ-सत्तरच्या घरात, आणि चौथ्यात, म्हणजे अर्थव्यवस्था व विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पेपरात, 150 पैकी 41.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हसला. मुख्यच्या आधीचे दोन महिने तो रोज संध्याकाळी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला जात होता. तिथे ‘दीर्घ श्वास घ्या, आत्मविश्वासाने बोला’ एवढंच शिकवलं. त्यासाठी त्याने चौथ्या पेपरचा अभ्यास बाजूला ठेवला होता.

अपयशातून शिका असं सगळेच सांगतात. पण शिकायचं तर आधी ते अपयश उलगडून बघावं लागतं, आणि तिथेच माणसं डोळे मिटून घेतात. ‘मी अडखळतो म्हणून नापास झालो’ हे वाक्य त्याला लागत होतं, तरी त्यात एक सोय होती. चौथ्या पेपरची जबाबदारी त्याच्यावर येत नव्हती. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. दोन दिवस रागावला होता, असं त्यानेच नंतर कबूल केलं.

त्यानंतरचं काम संथ होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे मनातल्या अविवेकी समजुती तपासून बदलायची पद्धत, मी वापरते. तिच्यात लाजेला मुद्दाम सामोरं जाण्याचे व्यायाम आहेत. पहिला व्यायाम : रोज एका दुकानात जाऊन, ठरवून अडखळत, एखाद्या वस्तूचा भाव विचारायचा. अडखळणं लपवायचं तर नाहीच, उलट आपणहून करायचं. वहीत तीन रकाने. काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, आणि मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं का? ‘अडखळलो का’ असा रकानाच ठेवला नाही.

पहिल्या रकान्यात ‘हसतील’ हा शब्द नऊ दिवस लागोपाठ होता. दुसऱ्यात : ‘हसला नाही, मोबाईलवर होता.’ ‘म्हणाला, सावकाश बोला दादा.’ ‘कंडक्टर हसला.’ हो, एकदा हसलाही. त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं : ‘कोथरूड डेपो म्हटलं. तिकीट मिळालं.’

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की ‘हे मला जमेल’ असं वाटण्यामागे सगळ्यात मोठा वाटा आपण प्रत्यक्ष करून पाहिलेल्या गोष्टींचा असतो. दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने कच्चा. म्हणूनच मी कैलासला ‘तू करू शकशील’ असं फारसं म्हटलं नाही. वहीच वाचून दाखवायला लावायचे.

मध्ये माझी एक चूक झाली. दुकानं जमायला लागली तशी मी घाई केली आणि सांगितलं, आता एका कार्यालयात फोन करून माहिती विचार. अडखळणाऱ्याला फोन बहुधा सगळ्यात जड जातो. समोरच्याला चेहरा दिसत नाही, थांबलं की लाईन तुटली असं वाटतं. हे मला पहिल्याच दिवशी, माझ्याच फोनवर कळायला हवं होतं. पलीकडच्याने दोनदा फोन ठेवला आणि कैलास तीन आठवडे फिरकलाच नाही. मी मेसेज करून माफी मागितली. परत आल्यावर आम्ही सुरुवात भावाला फोन करण्यापासून केली.

पुढच्या वर्षी तो पुन्हा मुलाखतीला गेला. आत जाऊन बसल्यावर पहिलं वाक्य त्याने तयार ठेवलेलं होतं : “सर, मी अडखळतो, उत्तराला थोडा वेळ लागेल.” नाव सांगायला किती सेकंद लागले हे त्याने मोजलं नाही. मुलाखतीत गुण 46, मागच्या वेळेपेक्षा 2 कमी. चौथ्या पेपरात 67. राज्यसेवेच्या यादीत तरीही नाव आलं नाही, त्या वर्षी कट-ऑफच वर गेला होता. राज्यकर निरीक्षकाच्या यादीत मात्र आलं. मी विचारलं, “हे मुलाखत नाही म्हणून घेतोयस का?” तो म्हणाला, “नाही मॅडम. त्या खोलीत दोनदा जाऊन आलो. आता भावाचे पैसे थांबवायचेत.”

त्याला आठवण करून दिली की या नोकरीत रोज व्यापाऱ्यांशी बोलावं लागेल, आणि फोनवरही. म्हणाला, माहीत आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी भर दुपारी फोन वाजला. कार्यालयाचा लँडलाईन नंबर, अनोळखी. पलीकडे नुसता श्वास. मी काही बोलले नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

“कै... कैलास बोलतोय, मॅडम. कामात आहात का?”