पहिल्या पेटीची तारीख

प्रिय बाय,

तुझं चार पानी पत्र पोचलं. हल्ली हाताने कुणी लिहीत नाही, त्यामुळे आधी नुसतं अक्षर बघत बसलो आणि चहा गार झाल्यावर मजकूर वाचला. बीएस्सी संपत आली, संशोधन करायचंय, पण कशात ते ठरत नाही, आणि बाबा म्हणतात आधी बीएड करून ठेव. सात विषयांची यादी केलीस: मासे, आंब्यावरची कीड, हवामान, कातळशिल्पं, मालवणी बोली, अर्थशास्त्र, समाजशास्त्र. प्रत्येकापुढे ‘स्कोप’चा रकाना आणि त्यात कमी, मध्यम, बरा. मी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे या सातही विषयांच्या माणसांनी माझ्या ओसरीवर चपला काढलेल्या आहेत. बहुतेकांचं वाक्य एकच, ‘सर, डेटा झाला गोळा, आता टेस्ट कुठली लावू?’ संख्याशास्त्रातले मोठे नाव रोनाल्ड फिशर १९३८ साली कलकत्त्याच्या सांख्यिकी परिषदेत म्हणाले होते, की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे पुष्कळदा मेलेल्याची चिरफाड करून घेणं. कशाने मेला एवढं तो फार तर सांगेल. तू अजून काही सुरूच केलेलं नाहीस, म्हणजे वेळेवर आलीस.

यादीपेक्षा मी अडकलो तो चौथ्या पानाच्या पाठीवरच्या दोन ओळींत. आजोबांची वही सापडली, १९७४ पासून ते गेले तोवर दरवर्षी आंब्याची पहिली पेटी कधी रवाना झाली ते लिहिलंय, ‘याचा काय उपयोग होईल का?’ असं तू सहज विचारलंस. बरोबर वहीच्या तीन पानांचे फोटो. ते मोठे करून करून बघितले.

चाळीस वर्षांच्या तारखा म्हटल्यावर आलेख काढायचा मोह होणारच. वर्ष आडवं, तारीख उभी, मधून एक रेघ, आणि रेघ खाली गेली की हवामान बदललं. थांब जरा. ही तारीख नक्की कशाची? थंडी पडली की कलम मोहोरतं, मग कणी, मग कैरी, आणि फळ काढणीला यायला चारेक महिने. एवढी झाडाची आणि आभाळाची बाजू. पण पहिल्या पेटीला भाव चांगला, म्हणून आजोबांनी एखाद्या वर्षी फळ चार दिवस आधी उतरवलं असेल. घरात लग्न असेल, सोसायटीचं कर्ज असेल. पेटी आधी क्रॉफर्ड मार्केटला जायची, नंतर वाशीला. मधल्या काळात कल्टार नावाचं रसायन आलं, मोहोर लवकर काढायची सोय झाली. शिवाय पहिली पेटी अख्ख्या बागेची नसते. प्रत्येक बागेत एखादं आगाप, म्हणजे लवकर फळणारं, कलम असतं, विहिरीकडचं किंवा कातळाच्या उतारावरचं, आणि बरीच वर्षं त्या एकाच झाडाची तारीख वहीत पडत असते. ते झाड वादळात पडलं तर तारीख पंधरा दिवस उशिरा जाईल आणि तुझा आलेख म्हणेल हवामान सुधारलं!

तेव्हा या तारखेला चार-पाच धनी आहेत. वनस्पतिशास्त्राकडून गेलीस तर रत्नागिरी वेधशाळेचं किमान तापमान शेजारी मांडावं लागेल आणि मोहोराची नोंद दुसरीकडून मिळवावी लागेल. अर्थशास्त्राकडून गेलीस तर भाव, पेटीचं भाडं, दलाली. आणि समाजशास्त्राकडून गेलीस तर दुसऱ्या फोटोतला समास बघ. राखणदाराला दिलेले पैसे लिहिलेत, आणि नाव प्रत्येक वर्षी एकच, ‘बहादूर’. आपल्या बागांत नेपाळहून माणसं येतात, एकाच माणसाने इतकी वर्षं राखण केली असेल असं मला वाटत नाही. आजोबांनी आंब्याच्या डझनाचा हिशेब चोख ठेवला आणि माणसांना एकाच नावात बसवलं. त्यांना दोष देत नाही, आमच्या घरीही तेच बोलायचे. पण समाजशास्त्र शिकलेला माणूस तारखांचा रकाना सोडून आधी या समासावर बोट ठेवील.

तिसऱ्या फोटोत ‘साका फार’ असा शेरा आहे. साका म्हणजे हापूसचं जुनं दुखणं, बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, आंबट गर. एका बाजूने अभ्यास झाला तो उष्णतेचा: तापलेल्या जमिनीची धग, कडक उन्हात काढलेलं फळ, बुंध्याखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर साका कमी होतो असं दिसलं. दुसऱ्यांनी कोय फोडून बघितली आणि फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायला लागतं, ते गरातलं ओढून घेतं, असं मांडलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिसरीच वाट धरली, नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही. कारण शोधणारा, उपाय शोधणारा आणि झाडच बदलणारा, तिघंही एकाच आंब्याच्या मागे. तू यादीत ‘आंब्यावरची कीड’ असा एकच विषय लिहिलास.

आता तुझ्या त्या सरांचं वाक्य, की खरं संशोधन सायन्समध्ये, बाकी सगळं नुसतं माहिती गोळा करणं. मीही असाच बोलायचो. तेविसाव्या वर्षी एका पाहणीत फॉर्म भरायचं काम मिळालं, कुणाची पाहणी ते सोड. एप्रिलचा महिना, भाजावळीचे, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायचे, दिवस. फॉर्मवर प्रश्न होता, ‘आपण काम करता का?’ एक बाई डोंगरातून उतरत होती, डोक्यावर कवळाचा, म्हणजे तोडलेल्या फांद्या-पाल्याचा, भारा एवढा मोठा की तोंड दिसेना. तिला उभं करून विचारलं. ती भाऱ्याखालून म्हणाली, ‘मी खंय काम करतंय, घराकच आसतंय.’ आणि मी ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण केली! तशा ऐंशी-एक खुणा केल्या. नंतर बेरीज मीच मारली, टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली, आणि त्या दोन वाड्यांतल्या बायका काम करत नाहीत असं छापून आलं. गणितात एकही चूक नव्हती.

‘काम’ या शब्दाचा त्या बाईचा अर्थ पगार किंवा मजुरी, फॉर्म करणाऱ्याचा अर्थ तिसराच. ‘काल उठल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारलं असतं तर पान पुरलं नसतं. असं विचारणं ही आता रीतसर पद्धत आहे. आपल्या सरकारने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी करून बघितली आणि २०१९ मध्ये देशभर केली. प्रयोगशाळेत तराजू आधी शून्यावर आणतात ना, तसा इथे प्रश्न शून्यावर आणावा लागतो, आणि ते तराजूपेक्षा कठीण.

आकडाही एकटा सोडू नये. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. एका वक्त्याने व्यासपीठावरून हा आकडा मुलींच्या सन्मानाचा म्हणून सांगितला, टाळ्या पडल्या. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण बघितलं तर मुली मुलग्यांपेक्षा कमी. आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. पुरुष मुंबईला, दुसरं काय. तुझ्या घरातले किती जण गणपतीला चाकरमानी म्हणून येतात ते मोज, १,१२२ चा अर्थ लागेल.

विजयदुर्गला तू शाळेच्या सहलीला गेलीसच असशील. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने इथेच हेलियम शोधला. मीही वर्षानुवर्षं पाहुण्यांना छातीठोक सांगितलं. पुढे कागद वाचले. त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेचा वर्णपट पकडला. त्यातली पिवळी रेघ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला, १८९५ साली, युरेनियमच्या खनिजातून. मग लॉकियर विजयदुर्गला आलाच नाही? आला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, आरमाराच्या जहाजावरच्या माणसांना मदतीला घेऊन. ओट्यांचं नातं मला त्या मोहिमेशी जास्त जुळतं असं वाटतं.

हे मी आमच्या पारावर सांगितलं तर दोन म्हातारे आठवडाभर बोलले नाहीत. तेव्हा कळलं, की इथे अजून एक संशोधन शिल्लक आहे. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं लोकांच्या तोंडी एक कशी झाली? गावाला आपल्या किल्ल्यात हेलियम का हवा होता? हेलियम कुणी आणि कुठे शोधला याचं उत्तर दुर्बिणीतून आणि नोंदवह्यांतून निघालं. या प्रश्नांचं निघेल ते त्याच दोन म्हाताऱ्यांशी गोडीने बोलून, आणि ती गोडी मी घालवून बसलो.

एका माणसाने एकच विषय धरावा असं मी म्हणणार नाही, पण दोन धरणाऱ्याने दोन्हींची मजुरी भरावी. आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण दामोदर कोसंबींचं. १९०७ चा जन्म, गोव्यातला. मूळचे गणिती, १९४४ साली गुणसूत्रावरच्या जनुकांमधली अंतरं काढायचं सूत्र त्यांनी दिलं, ते आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावाने चालतं. त्याच माणसाने प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूत घातली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणून एकाच मापाच्या नाण्यांत जास्त झिजलेलं ते आधीचं, असा हिशेब. ऐकायला सोपं आहे. पण झीज खरोखर अशीच होते का, हे तपासायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी हजारोंनी वजन केली. एकेक नाणं, वहीत आकडा, पुढचं नाणं. मला त्यांची हुशारी वाचून दडपण आलं नाही, त्या वजन करण्याने आलं.

म्हणून तुझ्या ‘स्कोप’च्या रकान्याशेजारी एक रकाना वाढव: यातलं कंटाळवाणं काम कोणतं? माशांत पहाटे तीनला बंदरावर उभं राहून बांगड्याच्या पोटातली गाबोळी, म्हणजे अंडी, तपासणं. कीड म्हटली की भिंगाखाली तुडतुडे मोजणं. बोलीत एका तासाची मुलाखत सात-आठ तास बसून उतरवणं, ‘आसा’ आणि ‘आसां’ यांतला फरक ऐकत. इतिहासात मोडी वाचणं. कातळशिल्पांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली तेव्हा सगळ्यांना उत्साह आला, पण सड्यावर मार्चच्या उन्हात टेप धरून ओणवं राहायला कितीजण येतात ते मला ठाऊक आहे. ज्या कामाचा कंटाळा तुला सोसेल तो विषय तुझा. हुशारीने विषय निवडलेले माझे तीन विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर माहीत असतील. आडबाजूच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाची माणसं रात्री यायची आणि पुष्कळ दगावायची. त्यांनी उशाशी बसून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, रक्तदाब असं तासातासाला टिपलं. ते १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू आटोक्यात आले. सुरुवात वहीतच झाली होती.

पैशाचं बाबांना सांगायला: विज्ञानाला सीएसआयआर-नेट, समाजशास्त्र-भाषा वगैरेला यूजीसी-नेट. या परीक्षांतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००. रक्कम वाईट नाही, पण वेळेवर येईल असं धरून खोलीचं भाडं ठरवू नकोस. आमच्या एका मुलीला सात महिने आली नव्हती, ती शिकवण्या करून राहिली. बीएडला मी नको म्हणणार नाही. बाबांचं भय खरं आहे.

विषय एवढ्यात ठरवू नकोस. आधी आजीला विचार, पहिली पेटी कुठल्या कलमाची असायची. आजोबांनी लिहिलं नसलं तरी अढी ती लावायची, तिला ठाऊक असेल. आणि बहादूर किती होते, कोण कुठला, तेही विचार. त्यांना जेवण तीच वाढायची. उत्तरं तिच्याच शब्दांत उतरव, शुद्ध करू नकोस. मग ये, दोन दिवस राहायच्या तयारीने. वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाल, मृगाचा भरवसा नाही.

तुझे
काका