मारुती ८०० घेताय? आधी मॅटिंग उचला

८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्या कमीच होत चालल्यात, आणि त्यांना भंगारात नेतो तो बहुतेकदा गंज. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही जुना मेकॅनिक बांधून देईल. सडलेल्या पत्र्याला इलाज महाग. बघायला जाताना टॉर्च न्या. पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा अंगठ्याने जोरात दाबा. दबला, करकरला, तर गाडी सोडा. बॅटरीखालचा ट्रेही बघा. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या! दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजतात आणि दार आतून सडतं. पावसाळ्याआधी ती तारेने मोकळी करा. आरसी १५ वर्षांनी संपते, पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते. संपलेली असेल तर नूतनीकरण मालकाकडूनच करून घ्या, मग पैसे द्या.