चुन्यो आणि पडीक रान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बोलिव्हियाच्या उंच पठारावर शेतकरी बटाटे उघड्यावर गोठवून वर्षानुवर्षं टिकवतात म्हणे. फ्रीजरमध्ये गोठलेला बटाटा तर वितळताच गळून जातो. मग हा कसा टिकतो?

उत्तर : गळतो तिथलाही, आणि त्याचाच फायदा घेतात. गोठताना बर्फाचे खडे पेशी फाडतात, त्यामुळे आतलं पाणी पिळून काढता येतं. या बटाट्याला चुन्यो म्हणतात.

या पठाराची, म्हणजे अल्तिप्लानोची, उंची सुमारे ३,८०० मीटर. जून-जुलैत तिथे कोरडा हिवाळा असतो. बटाटे आकारानुसार वेगळे करून सपाट जागेवर एकाच थरात पसरतात. लहानमोठे मिसळले तर मोठ्यांचा गाभा गोठत नाही आणि पुढे तिथूनच सड लागते. आभाळ निरभ्र हवं. ढग जमिनीची ऊब अडवून धरतात आणि रात्र वाया जाते. साधारण तीन रात्री कडक गोठले, दिवसा उन्हात वितळले आणि दाबताच पाणी सुटलं, की छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवतात. पाणी निघतं, सालही सुटते. घाईत जोर लावला तर चुरा होतो. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. पाच किलोंचा जेमतेम एक किलो उरतो. आत ओल राहिली तर बुरशी ठरलेलीच.

पांढरा चुन्यो, म्हणजे तुंता, जास्त कष्टाचा. गोठलेले बटाटे उन्हापासून झाकतात, कारण उजेडाने ते काळवंडतात. मग तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. लुकी नावाचे कडू बटाटे कडाका सोसतात, पण त्यांत विषारी अल्कलॉइड असतात. या धुण्याने ते बरेचसे निघून जातात. आमच्या मते या साऱ्या पद्धतीतली खरी हुशारी इथे आहे : जिथे कडू नसलेला साधा बटाटा कडाक्याने जळतो, तिथलं रानही पिकाखाली येतं. शिजवण्याआधी चुन्यो रात्रभर भिजवायचा.

प्रश्न : तिथे इतकी जमीन पडीक का दिसते? नगरपालिका काही करत नाही का?

उत्तर : १९९४च्या लोकसहभाग कायद्याने ग्रामीण भाग नगरपालिकांच्या कक्षेत आला आणि राष्ट्रीय कराच्या वीस टक्के रकमेतून लोकसंख्येनुसार वाटा मिळू लागला. शाळा, रस्ते, पाणी यांना त्याचा उपयोग झाला. पण पेरणीचा फेर ठरतो तो गावसभेत. सगळी घरं मिळून हा फेर पाळतात त्या सामाईक पट्ट्याला तिथले आयमारा लोक आयनोका म्हणतात. पहिल्या वर्षी शेणखत घालून बटाटा, पुढे किन्वा, मग जव. त्यानंतर काही वर्षं तिथे फक्त मेंढ्या आणि लामा चरतात. थंडीत काडीकचरा हळू कुजतो, म्हणून मातीला एवढा अवकाश लागतो. शिवाय बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची, म्हणजे बारीक किड्यांची, अंडी कोषात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बटाटा मिळाला नाही तरच त्यांची संख्या घटते. म्हणून पडीक काळ कमी करणं धोक्याचं. एकाच घराने फेर मोडून मध्येच बटाटा लावला, तरी त्या तुकड्यात कृमी टिकतात आणि मोकळ्या चराईलाही अडथळा होतो.