अमेरिकेतल्या जुन्या निवडणुका: सुरुवात कुठून करू?

स्वागत आहे! विषय भारी निवडलायस, फक्त पहिल्याच दिवशी अ‍ॅश्टाबुला, ओहायोच्या १९१५ च्या पसंतीक्रमाच्या मतमोजणीत उडी मारू नकोस, डोकं गरगरेल, ते नंतर.

सगळ्यात आधी डोक्यातून आपला निवडणूक आयोग काढून टाक. तिकडे असं एक ऑफिस नव्हतंच, नियम राज्याराज्याचे, त्यामुळे "१९१० मध्ये अमेरिकेत असं होतं" हे वाक्य बहुतेक वेळा अर्धवटच असतं. एकच राज्य पकड, न्यूयॉर्क घे, १८९२ मध्ये लॉकपोर्टला खटके ओढून मत देण्याचं मशीन तिथेच पहिल्यांदा वापरलं.

मग मतपत्रिका. पूर्वी पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटायचे, कोण काय टाकतंय ते उघड दिसायचं. १८८८ पासून एकेका राज्यात सरकारी छापील गुप्त मतपत्रिका येऊ लागली. पण लगेच टाळ्या नको, कारण ज्याला वाचता येत नाही तो यात अडकला, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांना कृष्णवर्णीयांचं मत रोखायला नेमकं तेच हवं होतं. लुईझियानात १८९६ ला सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ ला उरले १,३४२!! हा आकडा समजला की साक्षरता चाचणी (मत द्यायच्या आधी लिहिता-वाचता येतं का ते तपासणं), पोल टॅक्स (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) सगळं आपोआप लागतं.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य) पहिल्यापासून जनताच निवडायची असं धरतात. घटनादुरुस्ती १९१३ ची, त्याआधी सहसा राज्याचं विधिमंडळ निवडायचं.
- बायकांना मत १९२० लाच मिळालं म्हणतात. वायोमिंगला कधीचंच होतं.

प्रायमरीचं (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) नंतर बघू, आधी एवढं वाच आणि अडलं की विचार.