जुन्या कार्टूनचा नवा अवतार मुलांना दाखवताना

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली कार्टून नव्या रूपात आली की मोठ्या हौसेने ७ वर्षांच्या मुलाला घेऊन बसतो. पण पात्रं सतत स्वतःच्याच जुन्या मालिकेची टर उडवत असतात. मुलगा विचारतो, 'यात हसण्यासारखं काय आहे?' त्याला काय दाखवावं?

उत्तर: त्याचा प्रश्न रास्त आहे, कारण तो विनोद त्याच्यासाठी लिहिलेलाच नाही. स्ट्रीमिंगचे दर महिन्याचे पैसे तुम्ही भरता. तुमची आठवण चाळवली की तुम्ही मालिका लावणार, या हिशेबाने जुनं गाणं आणि जुने पोशाख पुढे केले जातात. वर पात्रांच्याच तोंडून 'हो, आम्ही जुनंच उकरून काढतोय' असं वदवलं की टीका करणाऱ्याचंही तोंड बंद. २०२० च्या 'अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स'च्या पहिल्या भागात रीबूटच्या, म्हणजे जुन्या मालिका नव्याने काढण्याच्या, लाटेवर चक्क एक गाणं आहे. १९९३ ची मूळ मालिकाही मोठ्यांना कळतील अशा टोमण्यांनी भरलेली होती, पण त्यात मुलांसाठी धावपळ आणि धडपड भरपूर होती. टोमणा डोक्यावरून गेला तरी पोट धरून हसायला काहीतरी उरायचं. नुसत्या टोमण्यावर प्रसंग उभा राहिला की मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

२०२२ चा 'चिप अँड डेल: रेस्क्यू रेंजर्स' हा चित्रपट घ्या. त्यात १९८९ ची मालिका म्हणजे चिप आणि डेल या दोन खारींची जुनी नोकरी, आणि ते आता विस्मृतीत गेलेले नट आहेत. चाळिशीतल्या माणसाला हे रंजक वाटेल. दोन खारी चोर पकडताना बघायला बसलेल्या पोराने काय करायचं? शिवाय पळवून नेलेल्या कार्टून पात्रांचे चेहरेमोहरे बदलून टाकण्याचा भाग लहानग्यांना भीतीदायक वाटू शकतो.

याउलट २०१७ ची 'डकटेल्स' बघा. तुम्ही रविवारी सकाळी हिंदीत पाहिली ती मूळ मालिका १९८७ ची, आणि तिच्या मूळ इंग्रजीत डोनाल्ड डकच्या तिन्ही भाच्यांचा आवाज एकच होता. नव्या मालिकेत ह्युई, ड्युई आणि लुई यांना वेगळे आवाज आणि वेगळे स्वभाव दिले आहेत. पहिल्याच भागात केप सुझेट शहराचं नाव कानावर येतं. हे शहर 'टेलस्पिन' या जुन्या कार्टूनमधलं, त्यामुळे ते पाहिलेले तुम्ही गालात हसता. मुलासाठी ते फक्त एका गावाचं नाव असतं, त्याचं काही अडत नाही. भागाच्या शेवटी ड्युईला एका चित्रात अंकल स्क्रूज आणि डोनाल्डच्या जोडीला आपली आई दिसते. तिथे मूल पुढे सरकून बसतं, कारण हा धागा समजायला जुनं काहीच माहीत असावं लागत नाही.

तेव्हा निवड करताना आधी एक भाग एकट्याने बघा. साधारण २२ मिनिटांचा असतो. कागदावर दोन रकाने करा: जुनं माहीत नसताना कळेल असा विनोद आणि न कळणारा विनोद. पहिल्या १० मिनिटांत दुसरा रकाना जास्त भरला तर ती मालिका रात्री तुमच्यासाठी ठेवा. मूळ अमेरिकी संदर्भ बऱ्याचदा आपल्यालाही लागत नाहीत, कारण आपली आठवण हिंदी डबिंगची आहे. तेही त्याच रकान्यात टाका.

नावावर आणि चित्रावर जाऊ नका. 'स्कूबी-डू'मधल्या वेल्मावरची २०२३ ची 'वेल्मा' मुलांना ओळखीची वाटते, पण ती प्रौढांसाठी आहे, टीव्ही-एमए दर्जाची, आणि तिच्यात स्कूबी नाहीच. ७ वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत टीव्ही-वाय, टीव्ही-वाय७ किंवा टीव्ही-जी हे शिक्के बघा. टीव्ही-पीजी असेल तर आधी स्वतः पाहिल्याशिवाय लावू नका. नेटफ्लिक्सचं खातं कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडून मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालता येते आणि एखादी मालिका नावानिशी लपवताही येते. तिथेच पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. तुमच्या प्रोफाइलला पिन लावायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

जुनं मूळ दाखवायचं असेल तर 'डकटेल्स' अगदी सुरुवातीपासून लावू नका. तिची सुरुवातच पाच भागांच्या एका लांबलचक कथेने होते आणि लहान मूल मध्येच कंटाळतं. एका भागात संपणारी गोष्ट निवडा. ऑडिओच्या यादीत हिंदी आहे का, तेही तपासा. चित्र जुनाट दिसतं म्हणून मुलाने पहिली पाच मिनिटं नाक मुरडलं तर रागावू नका, पण भाग पूर्ण होऊ द्या. मध्ये थांबवून 'हे आमच्या वेळी असं होतं' हे समजावणं कटाक्षाने टाळा. समजावून सांगितलेल्या विनोदावर कुणी हसत नाही, आणि गोष्टीची लय तुटते ती वेगळीच.

त्यापेक्षा रविवारी सकाळी ९ ला आजीला व्हिडिओ कॉल लावा. उन्हाळ्यात भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. मुलाला तीन मिनिटांत मराठीत गोष्ट सांगू द्या. शब्द अडला तर तेवढा पुरवा, वाक्य त्याचं त्यालाच पूर्ण करू द्या. 'मग काय झालं?' असं आजीने दोनदा विचारलं आणि त्याच्याकडे दोन्ही वेळा उत्तर होतं, तर ती मालिका पुढे चालू ठेवा. 'ते लोक नुसते जुन्या कार्टूनला हसत होते' एवढंच सांगून तो थांबला, तर पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी लावा.