आयएसआय: अक्षरं तीच, संस्था वेगळ्या

एका वाचकाने विचारलं आहे: ‘प्रेशर कुकरवर आयएसआयचा शिक्का असतो आणि बातम्यांत पाकिस्तानची आयएसआय असते. हे नाव कोणी कोणावरून घेतलं?’

कोणीच कोणावरून घेतलेलं नाही. शिक्क्यातली आयएसआय म्हणजे ‘इंडियन स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूशन’. ही संस्था जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी सुरू झाली. पाकिस्तानची ‘इंटर-सर्व्हिसेस इंटेलिजन्स’ १९४८ची. त्यातल्या ‘सर्व्हिसेस’चा सेवेशी नव्हे, सैन्याशी संबंध आहे. भूदल, नौदल, हवाईदल या तिन्हींना मिळून इंग्रजीत सर्व्हिसेस म्हणतात. रणजी करंडकात खेळणारा ‘सर्व्हिसेस’ म्हणजे आपला सेनादलाचा संघ, तोच हा शब्द. तिन्ही दलांची मिळून हेरयंत्रणा, म्हणून ‘इंटर-सर्व्हिसेस’.

या दोघींहून जुनी आयएसआय कोलकात्यात आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली ‘इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयएसआय म्हटलं की आधी तीच आठवते. त्याच विषयाची ‘इंटरनॅशनल स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’ तर १८८५ची, तीही आयएसआयच!

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती शिक्क्याची गोष्ट. मानकं ठरवणाऱ्या त्या संस्थेच्या जागी १ एप्रिल १९८७ पासून ‘भारतीय मानक ब्यूरो’ आला. त्याची इंग्रजी आद्याक्षरं बीआयएस. पण शिक्क्यावरची अक्षरं बदलली नाहीत. आज नवं हेल्मेट घेतलं तरी त्यावर जुन्या संस्थेचीच आद्याक्षरं दिसतात. दुकानात आपण ‘हा कुकर आयएसआय आहे का?’ असं विचारतो, तेव्हा मनात संस्था नसतेच. तिथे आयएसआय हे सरळ विशेषण झालेलं आहे. बातमीत मात्र ‘पाकिस्तानची आयएसआय’ हे स्त्रीलिंगी नाम, कारण मनात ‘संघटना’ असते. अक्षरं तीच, पण मराठीने दोघांना वेगळं व्याकरण दिलं.

असा घोळ इंग्रजीतच का होतो? इंडियन, इंटर, इंटरनॅशनल, इन्स्टिट्यूट, इंटेलिजन्स, सगळ्यांचं पहिलं अक्षर एकच. संस्थांच्या नावांत हेच शब्द पुन्हा पुन्हा येणार, मग टक्कर व्हायचीच. मराठीत आपण आद्याक्षर काना-मात्रेसकट उचलतो. भारतीय प्रशासकीय सेवा ‘भाप्रसे’, भारतीय पोलीस सेवा ‘भापोसे’. त्याच रीतीने भारतीय सांख्यिकी संस्था ‘भासांसं’ आणि भारतीय मानक संस्था ‘भामासं’ झाली असती. उच्चारायला जरा जड, पण एकीला दुसरी समजण्याची भीती नाही.

तरी मराठीतही टक्कर होते, आणि तीही ऐन साहित्याच्या अंगणात. १९०६ची महाराष्ट्र साहित्य परिषद ‘मसाप’ आणि मराठवाडा साहित्य परिषदही ‘मसाप’. दोन्ही अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या घटक संस्था, पण स्वतंत्र. पहिलीचं नियतकालिक ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, दुसरीचं ‘प्रतिष्ठान’. ‘महाराष्ट्र’ आणि ‘मराठवाडा’ दोन्ही ‘म’नेच सुरू होतात, तिथे काना-मात्रा काय करणार? म्हणून पहिलीचा उल्लेख करताना ‘मसाप, पुणे’ असं गावासकट लिहावं.