आधी पोटोबा

सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रमातल्या क्षेत्रकार्यासाठी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या एखाद्या ब्लॅक ट्रान्स संघटनेत जायचं ठरवलंस, हे वाचून आनंद झाला. हक्कांची लढाई की मनाचं सावरणं, यांतलं कुठलं काम निवडू, असा तुझा प्रश्न आहे. तिथे ही दोन खाती वेगळी नाहीत. घरभाडं, कोर्टातला अर्ज, गरम जेवण, रात्री सुखरूप घरी पोचणं यांतूनच माणूस सावरतो, आणि सावरलेला माणूस लढायला उभा राहतो. म्हणून या पत्रात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीच जास्त आहेत.

आधी शब्दांविषयी. इंग्रजीत ‘ब्लॅक’ मोठ्या अक्षराने लिहितात, कारण तो शब्द एका समाजाचा आहे, नुसत्या रंगाचा नाही. देवनागरीत मोठं अक्षर नाही, तेव्हा शब्द आहे तसाच ठेव. ट्रान्स स्त्रीला, म्हणजे जन्मताना मुलगा अशी नोंद झालेल्या स्त्रीला, ट्रान्स स्त्री म्हण. ‘तृतीयपंथी’ हा शब्द तिकडच्या बाईला लावू नकोस. त्याच्यामागे आपल्याकडची गुरू-चेल्यांची परंपरा आहे, तिच्यामागे वेगळी. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकात क्रिस्टल लाबेजा यांच्यासारख्या ब्लॅक ट्रान्स स्त्रियांनी ‘हाउस’ उभी केली. घरातून हाकललेल्या मुलांना तिथे ‘हाउस मदर’ मिळाली. या आईचा शब्द तुझ्या संघटनेतही चालत असेल. तो नीट ऐक.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. हे नातं खरं आहे, मोलाचं आहे. पण पहिल्या भेटीत ते सांगत बसू नकोस. जात आणि वंश यांची तुलना कुणी विचारली तर कर, तीही आपण स्वतः जातीच्या उतरंडीत कुठे उभे आहोत ते सांगून. त्या नात्याचा खरा उपयोग आपल्याच दिवाणखान्यांत आहे. अटलांटाच्या उपनगरांतल्या मराठी घरांत ‘त्या वस्तीत जाऊ नकोस’ असं तुला हमखास सांगतील. तिथे बोलणं तुझं काम, कारण ते काम संघटनेतलं कुणी तुझ्यासाठी करू शकत नाही.

नेतृत्व तिथे आहे, आणि ते जुनं आहे. मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांनी 1970 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘स्टार’ ही संघटना काढली. तिचं मोठं काम म्हणजे रस्त्यावरच्या मुलांसाठी घर, आणि त्याचं भाडं या दोघी स्वतः मिळवत. डी फार्मर या ब्लॅक ट्रान्स कैदी स्त्रीने वकिलाशिवाय तुरुंगातून खटला दाखल केला. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. कैद्याला गंभीर धोका आहे हे ठाऊक असूनही तुरुंगाच्या अधिकाऱ्याने काणाडोळा केला, तर तो राज्यघटनेचा भंग ठरतो. अमेरिकेतले तुरुंगातल्या हिंसेचे खटले आजही याच निकालाच्या आधाराने लढवले जातात. मिस मेजर ग्रिफिन-ग्रेसी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तुरुंगातल्या ट्रान्स स्त्रियांसाठी संघटना चालवली. पुढे आर्कान्सामधल्या लिटल रॉकला त्यांनी एक घर केलं. दक्षिणेतल्या थकलेल्या ट्रान्स कार्यकर्त्यांनी तिथे यावं, झोपावं, पाण्यात डुंबावं, एवढ्यासाठी. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या गेल्या. विश्रांतीला त्यांनी कामाचा भाग मानलं होतं, हे तुझ्या वेळापत्रकातही दिसायला हवं.

आता पोटोबा. 2015 च्या देशव्यापी ट्रान्स सर्वेक्षणात ब्लॅक उत्तरदात्यांपैकी 38 टक्के दारिद्र्यात होते आणि 42 टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी बेघरपण भोगलं होतं. सरकारी आरोग्ययंत्रणेने 2019-20 मध्ये अटलांटासह सात शहरांतल्या ट्रान्स स्त्रियांच्या मुलाखती आणि तपासण्या केल्या, त्यांत ब्लॅक स्त्रियांपैकी 62 टक्क्यांना एचआयव्हीची लागण आढळली. औषध रोज घ्यायचं तर ते ठेवायला एक कपाट लागतं, म्हणजे आधी घर लागतं. म्हणूनच मेम्फिसमध्ये ‘माय सिस्टाज हाउस’ या संस्थेच्या केयला गोर छोटी घरं बांधायच्या मागे लागल्या आणि न्यू ऑर्लिन्समध्ये 2020 साली ‘हाउस ऑफ ट्युलिप’ उभं राहिलं. निवाऱ्यात प्रवेश देताना ‘पुरुष की स्त्री’ विचारतात आणि घरमालक कधीही बाहेर काढू शकतो. स्वतःच्या किल्लीला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

जेवणाचं उत्तम उदाहरण न्यूयॉर्कच्या ‘ओक्रा प्रोजेक्ट’चं. 2018 मध्ये आयान फील्ड्स स्ट्युअर्ट यांनी तो सुरू केला. ब्लॅक ट्रान्स स्वयंपाकी पगार घेऊन ब्लॅक ट्रान्स माणसाच्या घरी जायचा आणि तिथेच रांधायचा. ओक्रा म्हणजे आपली भेंडी. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर ती अमेरिकेत आली. असं काही करायचं तर आधी फोनवर विचार: शेगडी चालू आहे का, भांडी किती, कशाची ॲलर्जी आहे, घरात आणखी कोण आहे आणि त्यांना काय सांगितलेलं चालेल. उरलेलं ठेवायचे डबे सोबत ने. फॉर्म भरून घेणं, ओळखपत्र मागणं, ताटाचा फोटो काढणं, या तीन गोष्टींनी लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

भाड्यासाठी तातडीची मदत देताना चुका बहुधा नावामुळे होतात. बाई ज्या नावाने ओळखली जाते त्या नावाचा धनादेश काढला जातो, तिचं बँक खातं जुन्या नावावर असतं आणि धनादेश परत येतो. थेट घरमालकाला पैसे द्यायचे तर संस्थेचा हिशेबनीस त्याच्याकडून कराचा कागद मागतो, त्यात आठवडा जातो आणि तोवर दारावर नोटीस लागते. म्हणून एका पानाचा अर्ज ठेवा, दोन जणांनी मंजुरी द्यायची, आणि पैसे त्याच दिवशी. कागदावरचं नाव आणि हाक मारायचं नाव असे दोन रकाने कर. पहिला रकाना फक्त पैसे देणारा पाहील.

मानधनाचंही असंच. सभेत अनुभव सांगायला बोलावलं की मानधन द्यायचंच. पण एका माणसाला वर्षात ठरावीक रक्कम किंवा त्याहून जास्त दिली की करखात्याला कळवावं लागतं. 2025 पर्यंत ही मर्यादा 600 डॉलर होती, 2026 पासून 2000 आहे. मर्यादेखालची रक्कमही उत्पन्नच असते. अपंगत्वाचा भत्ता, अन्नसाहाय्य किंवा सवलतीचं घर असलेल्या माणसाची मदत त्यामुळे घटू शकते. हे पैसे देण्याआधी सांग, आणि किती घ्यायचे, कधी घ्यायचे हे त्यांना ठरवू दे.

कागदपत्रांच्या कामात तुझा सर्वाधिक उपयोग होईल, कारण त्याला चिकाटी लागते. जॉर्जियात नाव बदलायला कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सुपीरियर कोर्टात अर्ज करावा लागतो. अर्जानंतर सात दिवसांच्या आत कौंटीच्या अधिकृत वर्तमानपत्रात जाहिरात, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. अर्जाला तीस दिवस झाल्यावर न्यायाधीशांपुढे तारीख. आपल्याकडे राजपत्रात नाव छापून आणतात, त्याच्याशी मिळतंजुळतं. गरिबीचं प्रतिज्ञापत्र दिलं तर कोर्टाची फी माफ होऊ शकते. जाहिरातीचे पैसे मात्र वेगळे लागतात, आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात. तेवढी रक्कम संघटनेने आधीच बाजूला काढावी. जाहिरातीत जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं. पाठलाग करणारा जोडीदार किंवा रागावलेले नातेवाईक असतील, तर अर्जापूर्वी वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आदेश मिळाला की शिक्क्याच्या चार-पाच प्रती घे. आधी सोशल सिक्युरिटी (सरकारी ओळख-क्रमांकाचं कार्यालय), मग वाहन परवाना, मग बँक. हा क्रम उलटा केला तर परवान्याच्या खिडकीवरून परत पाठवतात. जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने आपल्या कागदांवर लिंगाची नोंद बदलून देणं थांबवलं, नाव मात्र बदलता येतं. हा फरक पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांग. खोटी आशा महागात पडते.

आता मंडळ, म्हणजे लोक गोल बसून बोलतात ती बैठक. अटलांटात ‘स्नॅपको’ या संघटनेच्या टोनी-मिशेल विल्यम्स यांनी शरीराची जाणीव आणि नेतृत्व एकत्र शिकवलं, आणि त्याच संघटनेच्या रेट्यामुळे शहरात अटकेऐवजी मदतीकडे वळवण्याची योजना येण्यास हातभार लागला. मंडळ चालवायचं काम तुझं नाही, ते ब्लॅक ट्रान्स सूत्रधाराचं. तुझं काम खोलीचं. आठ ते दहा माणसं, सूत्रधार दोन: एक बोलणार, दुसरा कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जाणार. दीड तासातला पहिला पाव तास खाण्याचा. कुणाचीही पाठ दाराकडे येणार नाही अशा खुर्च्या मांड. उदबत्ती नको, दम्याचे लोक असतात. ‘तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा’ अशी सुरुवात झाली की पहिली दहा मिनिटं एक जण बोलतो आणि उरलेला वेळ सगळे गोठून बसतात. आधी पाय जमिनीला टेकवणं, श्वास, एखादं गाणं. विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही, मिठीसुद्धा नाही. शेवटची दहा मिनिटं परतीच्या वाटेची: कोण कुणाबरोबर, गाडीचे पैसे कुणाला. भाडं घराच्या दारापर्यंतचं दे. स्टेशनपासून दारापर्यंतचा रस्ताच धोक्याचा असतो. दुसऱ्या दिवशी एक निरोप.

विद्यार्थी म्हणून तुझ्यावर काही गोष्टी कळवण्याचं बंधन आहे. तुझ्या गुप्ततेची हद्द बोलणं सुरू होण्यापूर्वी सांग. नंतर सांगितलंस तर तो विश्वासघात होतो. आणि कुणाचं मन फारच ढासळलं तर कुणाला बोलवायचं, हे तो माणूस शांत असतानाच विचारून लिहून ठेव. आपत्कालीन क्रमांकावर फोन केला तर बऱ्याचदा पोलीस येतात. रुग्णवाहिकेचीही भीती आहे, आणि ती उगाच नाही. 1995 मध्ये वॉशिंग्टनला टायरा हंटर या ब्लॅक ट्रान्स स्त्रीला अपघात झाला. तिचं शरीर पाहून अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्याने उपचार थांबवले आणि टिंगल केली. ती त्याच दिवशी गेली. 1998 मध्ये ज्युरीने तिच्या आईच्या बाजूने निकाल दिला. ट्रान्स लोकच चालवतात ती ‘ट्रान्स लाइफलाइन’ ही मदतवाहिनी फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय पोलिसांना बोलवत नाही. मानसिक संकटासाठीच्या राष्ट्रीय 988 क्रमांकावरचा एलजीबीटीक्यू तरुणांसाठीचा वेगळा पर्याय जुलै 2025 मध्ये बंद झाला. भिंतीवरची जुनी पत्रकं काढून नवी लाव.

एखादी हत्या झाली तर पहिल्या बातमीत जुनं नाव आणि पोलिसांनी काढलेला फोटो येतो. ह्यूस्टनच्या ब्लॅक ट्रान्स पत्रकार मोनिका रॉबर्ट्स 2020 मध्ये जाईपर्यंत वर्षानुवर्षं अशा बातम्या दुरुस्त करत राहिल्या. पद्धत साधी आहे: मैत्रिणींकडून नावाची आणि स्पेलिंगची खात्री, त्यांनी निवडलेला फोटो, एका पानाचं टिपण, आणि त्याच दिवशी प्रत्येक वृत्तकक्षाला फोन. टिपणात जुनं नाव लिहायचंच नाही. त्या दिवशी मंडळ भरवू नका. फक्त दार उघडं, चहा-कॉफी आणि दोन माणसं.

आणखी एक गोष्ट आहे, ती जिवंतपणीच करावी लागते. कागदावर काही नसेल तर पार्थिव रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं. मग केस कापून, पुरुषाचा सूट घालून, जुन्या नावाने बाईला पुरतात, आणि जिने वीस वर्षं सांभाळलं ती हाउस मदर मागच्या बाकावर बसते. जॉर्जियाच्या वैद्यकीय इच्छापत्रात आपल्या वतीने ठरवणारी व्यक्ती नेमता येते, आणि तिला अंत्यविधीचाही अधिकार देता येतो. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोटरी लागत नाही. ज्याला नेमलं त्याची सही साक्षीदार म्हणून चालत नाही. महिन्यातून एकदा जेवणाच्या दिवशी टेबलावर दहा कोरे अर्ज आणि पेनं ठेव. घाई करू नकोस. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी भरायला घेईल. एक प्रत त्यांच्या फोनमध्ये, एक नेमलेल्या माणसाकडे, एक संघटनेच्या कुलपात.

शेवटी तुरुंगातली पत्रं, कारण हे तू पहिल्याच आठवड्यापासून करू शकशील. सीसी मॅकडॉनल्ड या ब्लॅक ट्रान्स स्त्रीला 2012 मध्ये मिनेसोटात 41 महिन्यांची शिक्षा झाली, तीही पुरुषांच्या तुरुंगात. त्या काळात देशभरातून पत्रं येत राहिली, आणि जानेवारी 2014 मध्ये त्या सुटल्या. पाकिटावर तुरुंगाच्या नोंदीतलं नाव आणि क्रमांक लिहावाच लागतो, नाहीतर पत्र परत येतं. आतल्या मजकुरात कुठलं नाव सुरक्षित आहे ते पहिल्या पत्रात विचार, तोवर नुसतं ‘प्रिय मैत्रीण’सुद्धा लिहू नकोस, कारण पत्र आधी पहारेकरी वाचतो. साधा पांढरा कागद, निळी किंवा काळी शाई. चकाकी, स्टिकर, अत्तर काही नको. परतीचा पत्ता संघटनेच्या टपालपेटीचा. गुन्ह्याबद्दल विचारू नकोस, आणि पाळता येणार नाही असं वचन देऊ नकोस. दर महिन्याला एक पत्र जमणार असेल तर एकच लिही. उत्तर आलं नाही तरी पुढच्या महिन्याचं पत्र ठरल्या दिवशी टाक. तिची बदली झाली असेल, किंवा तिला एकांत कोठडीत टाकलं असेल. बदलीचा पत्ता राज्याच्या तुरुंग खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून शोधता येतो.

सस्नेह.